बाबांच्या फराळाच्या डब्यातल्या अकरा बाटल्या (पार्किन्सन्स आणि आजार 'थांबवणाऱ्या' गोळ्या)

मुक्ता_सातारा

नमस्कार मंडळी. लिहिणं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझे बाबा ६८ वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी बँकेने त्यांचा फॉर्म परत केला, सही जुळत नाही म्हणून. घरी आणून बघितलं तर सही सुरुवातीला ठीक आणि शेवटच्या अक्षरापर्यंत मुंगीएवढी झालेली. उजवा हात आधीपासूनच थोडा थरथरायचा, आम्ही वयावर ढकललं होतं. पुण्याला न्यूरोलॉजिस्टना दाखवलं, पार्किन्सन्स निघाला. सिंडोपा ११० ही गोळी दिवसातून तीन वेळा चालू आहे.

परवा दिवाळीचे डबे काढायला माळ्यावर चढले, तर चकलीच्या डब्यात चकली नाही, बाटल्या. अकरा. कोक्यू टेन, व्हिटॅमिन ई, ग्लुटाथायोन, एनएसी, हळदीच्या कॅप्सूल, थायमिन, बी सिक्स, मॅग्नेशियम, फिश ऑइल, अश्वगंधा आणि कवचबीजाचं चूर्ण. काही भावाने अमेरिकेतून पाठवलेल्या, काही बाबांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून मागवलेल्या. महिन्याला नऊ हजारांच्या आसपास जातात. डॉक्टरांना यातलं काहीही माहीत नाही.

विचारलं तर बाबा एवढंच म्हणाले, "इंजिन उघडल्याशिवाय आतली झीज थांबवायची तर ऑइल चांगलं घालावं लागतं."

तर प्रश्न असा: यातल्या कशानेही आजार खरंच मंदावतो का? आणि नसेल तर बंद करायला लावू की घेऊ दे? कुणाच्या घरी असा अनुभव असेल तर जरूर लिहा.

ओवी

वाचतेय. आमच्याकडे सासूबाईंच्या उशीखाली सापडल्या होत्या. लपवायच्या जागा तेवढ्या वेगळ्या.

हेमंत_डोंबिवली

घेऊ दे ना! माझे सासरे तीन वर्षं कोक्यू टेन घेतायत, त्यांना हुशारी वाटते. सिंडोपाने थरथर कमी होते, पण आजार आपला पुढे जातच राहतो, हे डॉक्टर स्वतःच सांगतात. मग माणसाने हातावर हात ठेवून बसायचं का? व्हिटॅमिनं आहेत, विष नाही. झाला तर फायदा, नाहीतर लघवीतून बाहेर.

रेवाकाठ

हेमंतजी, 'झाला तर फायदा' एवढ्यावर सोडू नका. यातल्या बऱ्याच गोष्टी खरोखर तपासून झाल्या आहेत. मी औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीचं काम करते, आणि माझ्या आईला पार्किन्सन्स होता, म्हणून हे सगळं पोटतिडकीने वाचलंय.

कोक्यू टेनची कहाणी सांगते. २००२ मध्ये ८० पेशंटवर एक छोटी चाचणी झाली. जास्त डोस घेणाऱ्यांची घसरण कमी दिसली. जगभर लोकांनी बाटल्या घेतल्या. मग अमेरिका आणि कॅनडात ६०० पेशंट घेऊन मोठी चाचणी केली, काहींना रोज १२०० मिलिग्रॅम, काहींना २४००, आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. ती मध्येच थांबवावी लागली, कारण फायदा दिसण्याची शक्यताच उरली नव्हती. २०१४ मध्ये हे छापून आलं. आपल्याकडच्या बाटलीत १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल असते, हेही लक्षात घ्या.

व्हिटॅमिन ई तर त्याच्याही आधी, ८०० पेशंटच्या चाचणीत, रोज २००० युनिट देऊन बघितलं. काही नाही. क्रिएटिन, जे जिममधली मुलं घेतात, ते १७४१ पेशंटना वर्षानुवर्षं दिलं, २०१३ मध्ये थांबवलं. तेही काही नाही. युरिक ॲसिड वाढवायला इनोसिन दिलं, २९८ पेशंट. आजार तसाच पुढे गेला, मूतखडे मात्र वाढले. ब्लडप्रेशरची इस्राडिपिन ही गोळी ३३६ पेशंटना तीन वर्षं दिली, तीही गेली. थायमिनच्या ज्या कहाण्या इटलीतून आल्या त्यांत तुलनेला औषध नसलेली गोळी घेणारा गटच नव्हता.

आणि 'नुकसान तर नाही ना' म्हणणाऱ्यांसाठी: मेंदूतलं जास्तीचं लोह काढलं तर आजार मंदावेल असं वाटून डेफेरिप्रोन नावाचं औषध ३७२ नव्या पेशंटना दिलं. कल्पना कागदावर फार सुंदर होती. औषध घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा लवकर बिघडले. २०२२ चा निकाल आहे.

माझ्या आईनेही कोक्यू टेन घेतलं होतं. मीच आणून दिलं होतं, २००९ मध्ये. तेव्हा आशा होती, आज तीच बाटली मी आणणार नाही.

हेमंत_डोंबिवली

आकडे मान्य. पण सासऱ्यांना बरं वाटतं त्याचं काय? ते खोटं बोलत नाहीयेत.

रेवाकाठ

खोटं अजिबात नाही, आणि पार्किन्सन्समध्ये तर मुळीच नाही. २००१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी पेशंटना औषध म्हणून नुसतं पाणी टोचलं आणि मेंदूचा स्कॅन काढला, तर मेंदूत खरोखरीचं डोपामिन स्रवलेलं दिसलं. आशा वाटली की डोपामिन सुटतं, आणि या आजारात कमतरता नेमकी त्याचीच. म्हणून तर इथे 'मला फरक पडला' यावरून काही ठरवता येत नाही. सासऱ्यांचं बरं वाटणं खरं आहे, श्रेय बाटलीचं नाही.

नादखुळा_कोल्हापूर

तंबाखू खाणाऱ्यांना आणि विडी ओढणाऱ्यांना पार्किन्सन्स कमी होतो असं वाचलंय. आमच्या आजोबांना हे कुणी सांगू नका, त्यांना पन्नास वर्षांनी कारण सापडेल!

औषधवाला

नादखुळा :) आजोबांना हेही सांगा की निकोटीनच्या पट्ट्या लावून पेशंटवर रीतसर चाचणी झाली आहे, आजार मंदावला नाही. कॉफीचंही तसंच. कॉफी पिणाऱ्यांत आजार कमी दिसतो, पण झालेल्यांना कॅफिन देऊन उपयोग झाला नाही.

आता मूळ विषय. माझं नाशिकला मेडिकल आहे, बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. मुक्ताताई, आजार मंदावतो का हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. मला काळजी वाटते ती या अकरा बाटल्या सिंडोपाशी काय करतात याची.

सिंडोपातलं लिव्होडोपा (ज्याचं मेंदूत डोपामिन बनतं ते) आणि जेवणातली प्रथिनं आतड्यातून रक्तात जाताना एकाच दारातून जातात. दारात गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने, पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही. लोहाची गोळी चालू असेल तर तीही लांब, किमान दोन तास, कारण लोह लिव्होडोपाला चिकटून बसतं. कितीतरी पेशंट सांगतात 'गोळीला जोर राहिला नाही', आणि खोदून विचारलं की कळतं, गोळी प्रोटीन पावडरच्या ग्लासाबरोबर घेतात.

बी सिक्स जपून. सिंडोपात कार्बिडोपा असतं म्हणून साध्या डोसने लिव्होडोपाचं फारसं बिघडत नाही, पण जास्त ताकदीचं बी सिक्स महिनोन् महिने घेतलं तर पायाच्या नसांना इजा होते. तळपाय बधिर, तोल जातो. पार्किन्सन्सच्या माणसाचा तोल आधीच नाजूक. बाटलीवर किती मिलिग्रॅम लिहिलंय ते बघून इथे टाका.

आणि कवचबीज. यावर कुणी वैद्य बोलतील तर बरं.

वैद्य_मृण्मयी

बोलते.

कवचबीज म्हणजे आपली खाजकुइली. शेंगेवरच्या कुसांनी अंग खाजतं तीच. कंपवातात हिचा उपयोग जुना आहे, आणि त्याला भक्कम कारण आहे: बियांमध्ये खुद्द लिव्होडोपाच असतं. १९३७ मध्ये मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते या बियांतून वेगळं करून दाखवलं. व्हिएन्नात पार्किन्सन्सच्या पेशंटना लिव्होडोपा टोचून बघितलं ते १९६१ मध्ये. म्हणजे हे औषध आहे, टॉनिक नव्हे. माझ्या शास्त्राचा मला अभिमान आहे, म्हणूनच हे ठासून सांगते. जे काम करतं ते जास्त झालं तर बाधतंही.

बियांत लिव्होडोपाचं प्रमाण साधारण चार ते सहा टक्के धरतात, पण ते झाडागणिक, मातीगणिक बदलतं. पाच ग्रॅमचा चहाचा चमचा धरला तर दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम होतं. सिंडोपा ११० च्या एका गोळीत शंभर असतं! नुसतं चूर्ण घेतलं तर त्यातलं बरंचसं मेंदूत पोचण्याआधीच खर्ची पडतं, मळमळतं, उभं राहिल्यावर चक्कर येते. आणि वर सिंडोपा चालू असेल तर तिच्यातलं कार्बिडोपा चुर्णातल्या लिव्होडोपालाही मेंदूपर्यंत पोचवतं. मग अंग आपोआप वळवळणं, रात्री नसलेली माणसं दिसणं हे सुरू होऊ शकतं.

त्याने लक्षणं कमी होतात. आजार मंदावतो असं मी माझ्या पेशंटना कधीही सांगत नाही. चूर्ण द्यायचंच असेल तर न्यूरोलॉजिस्टना विश्वासात घेऊन, गोळीचा हिशेब जुळवून. आपल्या मनाने नको. अश्वगंधाही वर्षभर विनाकारण नको, लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

मुक्ता_सातारा

मृण्मयीताई, अंगावर काटा आला. गेल्या महिन्यात बाबा रात्री उठून आईला म्हणाले, "पडवीत वर्कशॉपची पोरं बसलीयत, त्यांना चहा दे." आम्हाला वाटलं स्वप्न. आज विचारलं, तर चूर्ण रोज रात्री दुधातून. एक चमचा. कधी दोन.

आणखी एक कळलं. सिंडोपाची दुपारची गोळी ते अर्धीच घेतात! कारण काय, तर "ही गोळी ठरावीक वर्षंच चालते, आत्ता वाचवली तर पुढे कामाला येईल."

बी सिक्स १०० मिलिग्रॅमचं आहे. दीड वर्षापासून.

औषधवाला

ताई, बी सिक्स आणि चूर्ण यांबद्दल डॉक्टरांना उद्याच फोन करा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका. बाकी बाटल्यांचं चार दिवसांनी विचारलं तरी चालेल. सिंडोपा मात्र स्वतःहून कमी-जास्त करू नका. ती एकदम बंद केली तर माणूस ताठरून, ताप येऊन दवाखान्यात जातो.

रेवाकाठ

गोळी 'वाचवून ठेवणं' हे मी इतक्या घरांत ऐकलंय! नेदरलँड्समध्ये ४४५ पेशंटवर नेमका हाच प्रश्न तपासला, निकाल २०१९ चा. निम्म्यांना लिव्होडोपा लगेच, निम्म्यांना ४० आठवडे उशिरा. शेवटी दोन्ही गट सारखेच. लवकर घेतल्याने आजार मंदावला नाही, पण बिघडलाही नाही. म्हणजे गोळी संपून जात नाही. पुढे ती कमी वेळ पुरते, कारण मेंदूतल्या पेशी घटत जातात. आत्ता अर्धी गोळी घेऊन बाबा फक्त आत्ताची दुपार गमावतायत.

अनिकेत_जर्सी

मुक्ताने लिंक पाठवली. मीच तो भाऊ.

थोडं रागाने लिहिणार होतो, खोडलं. बाबांची सही मी शेवटची बघितली ती माझ्या लग्नाच्या फॉर्मवर. मी इथे बारा हजार किलोमीटरवर. फोनवर त्यांचा आवाज महिन्यागणिक बारीक होत चाललाय. आई म्हणते "मोठ्याने बोला", ते म्हणतात "मोठ्यानेच बोलतोय". मी दुसरं काय पाठवणार होतो? दर तीन महिन्यांनी खोकं पॅक करायचो तेव्हा वाटायचं, आपण काहीतरी करतोय.

एक विचारायचंय. इथे डायबेटिसच्या इंजेक्शनांबद्दल फार बोलतात. फ्रान्समध्ये लिक्सिसेनाटाइडने आजार मंदावल्याचं २०२४ मध्ये आलं होतं. मी इथल्या डॉक्टर मित्राकडून बाबांसाठी तसलंच इंजेक्शन मिळवायच्या खटपटीत होतो. तेही चुकीचं का?

रेवाकाठ

अनिकेत, खोकं पाठवणारा भाऊ असणं ही छोटी गोष्ट नाही. मी आईसाठी तेच केलंय.

लिक्सिसेनाटाइडचं खरं आहे. १५६ पेशंट, एक वर्ष, औषध घेणाऱ्यांची हालचाल जवळपास स्थिर राहिली, बाकीचे थोडे घसरले. फरक छोटा होता. आणि औषध घेणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांना मळमळ, १३ टक्क्यांना उलट्या. त्याच जातीचं एक्सेनाटाइड. त्याचाही २०१७ मध्ये ६२ पेशंटवर आशादायक निकाल आला होता. मग ब्रिटनमध्ये १९४ पेशंटना ९६ आठवडे दिलं, निकाल २०२५ मध्ये आला, फायदा शून्य. कोक्यू टेनचीच गोष्ट पुन्हा: छोट्या चाचणीत चमक, मोठ्या चाचणीत अंधार.

शिवाय ही इंजेक्शनं भूक मारतात, वजन उतरवतात. पार्किन्सन्समध्ये वजन आधीच घटत असतं. बाबांचं वजन किती आहे?

अनिकेत_जर्सी

५४. आधी ६६ होतं.

इंजेक्शनचा विषय संपला.

विदर्भकन्या

कफाच्या औषधातल्या ॲम्ब्रॉक्सॉलबद्दल कुणीच कसं बोललं नाही? आमचे नागपूरचे मामा रोज कफ सिरप पितात, पार्किन्सन्ससाठी. त्यांच्या ग्रुपवर सगळेच घेतात म्हणे.

औषधवाला

सिरप ताबडतोब थांबवायला सांगा. हात जोडून सांगतोय.

ॲम्ब्रॉक्सॉलवर खरंच काम चालू आहे. पेशीतला कचरा साफ करणारं एक एन्झाइम असतं, जीबीए जनुकात दोष असला की ते कमी पडतं, आणि हे औषध त्याला बळ देतं. लंडनला १७ पेशंटना देऊन पाहिलं, ते मेंदूपर्यंत पोचतं हे दिसलं. आता ब्रिटनमध्ये ३३० लोकांची मोठी चाचणी घेतायत. पण डोस बघा: दिवसाला १२६० मिलिग्रॅम. आपल्याकडची गोळी ३० ची. बेचाळीस गोळ्या!

आणि आपल्याकडच्या सिरपमध्ये ॲम्ब्रॉक्सॉल सहसा एकटं नसतं. बरोबर टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असतं, दम्याचं औषध. त्याने हात थरथरतात आणि छाती धडधडते. म्हणजे थरथरीवर उपाय म्हणून थरथरीचं औषध घशाखाली! काही दुसऱ्या खोकल्याच्या औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. मामांना रासाजिलीन किंवा सेलेजिलीन (पार्किन्सन्सच्याच गोळ्या) चालू असेल तर त्याच्याशी याची गाठ पडणं जिवावर बेतू शकतं. त्याच कारणाने मेथिलीन ब्लूचे थेंबही नकोत, हल्ली त्याचेही व्हिडिओ फिरतायत.

विदर्भकन्या

रासाजिलीन चालू आहे. फोन केला. मामींनी बाटली बेसिनमध्ये ओतली. ग्रुपवर हे सगळं टाकते, तुमची परवानगी गृहीत धरून.

चिंतामणी_७१

दोन दिवस सगळं वाचतोय. आता लिहितो. टंकायला वेळ लागतो, चुका पदरात घ्या.

मला पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही सगळे 'त्यांना सांगा', 'त्यांचं थांबवा' असं लिहिताय. मी त्या 'त्यांना'तला एक. डब्यात बाटल्या लपवणारा माणूस कसा विचार करतो ते माझ्याकडून ऐका.

निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, लक्षणं आवरणारी औषधं खूप आहेत, आजार थांबवणारं एकही नाही. खरं तेच सांगितलं. पण घरी आल्यावर बायको झोपली की मी उजवा अंगठा बघत बसायचो. तो हलायचा. तेव्हा माणसाला वाटतं, जगात कुठेतरी कुणालातरी माहीत असेल. मग तुम्ही शोधता. आणि मोबाईल तुम्हाला सापडवून देतो. मी सात वर्षांत सव्वातीन लाख घातले. हिशेबाची वही आहे, मी आयुष्यभर हिशेबनीसच होतो.

लपवलं का? कारण डॉक्टरांसमोर बाटली काढली की ते हसतील अशी भीती. एकांनी खरंच हसून बाजूला सारली होती. पुढच्या वेळी मी पिशवी घरी ठेवली. म्हणून मुक्ता, बाबांना 'बंद करा' म्हणू नकोस. 'पिशवी घेऊन जाऊ' म्हण. एकेक बाटली टेबलावर ठेवायची आणि प्रत्येकीला विचारायचं: हिचं काम काय, नुकसान काय, पैसे किती. माझ्या आत्ताच्या डॉक्टरांनी तसं केलं, वीस मिनिटं दिली. नऊपैकी दोन उरल्या. बी ट्वेल्व्ह, कारण तपासलं तर खरंच फार कमी होतं (मी शाकाहारी, आणि लिव्होडोपानेही ते उतरतं), आणि डी, हाडांसाठी. बाकीच्या सात मी स्वतः टाकल्या. कुणी हिसकावल्या असत्या तर पुन्हा आणल्या असत्या.

वाचलेल्या पैशातून घरात स्थिर सायकल घेतली.

हेमंत_डोंबिवली

काका, नमस्कार करतो. सासऱ्यांची पिशवी भरतोय. माझं वरचं 'विष नाही' मागे घेतो.

सुनंदा_सांगली

थोडं अवांतर, पण लिहिलंच पाहिजे. माझ्या आईला 'पार्किन्सन्स' म्हणून आठ महिने सिंडोपा दिली, फरक नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं मागवली. ॲसिडिटीसाठी रोज सकाळी जी कॅप्सूल चालू होती तिच्यात लिव्होसल्पिराइड होतं. दोन वर्षं. ते मेंदूत डोपामिनचा रस्ताच अडवतं. कॅप्सूल बंद केली, तीन-चार महिन्यांत आई पुन्हा पोळ्या लाटायला लागली.

सगळ्यांचं असं होत नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. पण घरातली पित्ताची आणि चक्करची औषधं तपासा. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, हीसुद्धा त्याच वाटेवरची.

औषधवाला

+१०० सुनंदाताई. खऱ्या पार्किन्सन्सच्या माणसालाही ही औषधं बाधतात. उलटीसाठी लागलंच तर डॉम्पेरिडोन, तेही हृदयाचं बघून, डॉक्टरांना विचारून.

ओवी

मग आजार मंदावण्यासाठी काहीच नाही का? काकांची सायकल मनात राहिली.

रेवाकाठ

ओवी, आजवर सगळ्यात जास्त आशा दाखवली ती घामाने. २०१८ ची चाचणी: १२८ नवे पेशंट, सहा महिने ट्रेडमिल. ज्यांनी नाडी जोरात चढवून व्यायाम केला, वयाच्या कमाल ठोक्यांच्या ८० ते ८५ टक्के, त्यांची लक्षणं जवळपास तिथेच थांबली. न करणाऱ्यांची वाढली. नेदरलँड्समध्ये घरच्या सायकलवर १३० जणांनी केलं, तिथेही फरक दिसला. आतल्या पेशी वाचतात असं अजून सिद्ध झालेलं नाही, मोठी चाचणी चालू आहे. पण हृदय तपासून घेतलं असेल तर व्यायाम वाट बघण्यासारखा नाही. रमतगमत फेरी पुरत नाही, धाप लागली पाहिजे.

चिंतामणी_७१

आणि चार माणसांत करा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईच्या संस्थेचीही गावोगाव केंद्रं आहेत. एकट्याने सायकल तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला लागते.

मुक्ता_सातारा

उशीर झाला, माफ करा. काल पुण्याला जाऊन आलो.

काकांनी सांगितलं तसंच केलं. पिशवी बाबांनीच धरली होती. डॉक्टर हसले नाहीत. पहिली बाटली उचलून विचारलं, "ही कशासाठी घेता?" आणि बाबांनी इंजिन ऑइलचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे, पण हे ऑइल पोटातून इंजिनपर्यंत पोचत नाही, अकरा वेळा घालून बघितलंय लोकांनी." बाबांनी मान हलवली. मेकॅनिकला कळलं.

कवचबीज बंद, त्याऐवजी सिंडोपा नीट बांधून दिली, वेळा लिहून. दुपारची गोळी पूर्ण. बी सिक्स बंद, पायाच्या नसांची तपासणी सांगितलीय. बी ट्वेल्व्ह तपासलं, फारच कमी, इंजेक्शनं चालू केली. अश्वगंधा आणि बाकीच्या सगळ्या बाद. फिश ऑइलची बाटली मात्र बाबांनी हातातून सोडली नाही. "ही अन्यानं पाठवलीय." डॉक्टर म्हणाले, राहू द्या, बाधत नाही.

पडवीतली पोरं परत आली नाहीत, चूर्ण बंद करून आठवडा झाला.

बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अडकतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. फिजिओथेरपिस्टनी तालावर पाय उचलायला सांगितलं. आई लगेच "एक दोन तीन चार" म्हणाली, बाबा "गणपतीचा जयजयकार" म्हणाले आणि उंबरा ओलांडून आत. खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यात पाणी. आता दिवसातून वीस वेळा घरात गणपती विसर्जनाला निघतो.

जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवायलाही सांगितल्यात, त्यांवरून पाऊल टाकायला.

अनिकेत_जर्सी

फोनवर ऐकलं. जयजयकार मोठ्याने म्हणाले बाबा. कितीतरी दिवसांनी मोठ्याने.

डिसेंबरचं तिकीट काढलं. खोक्यात या वेळी फक्त बूट, मागे पट्टा असलेले.

सुनंदा_सांगली

मुक्ता, पट्ट्या किती अंतरावर लावल्या? आईसाठी नाही, शेजारच्या काकांसाठी विचारतेय.

मुक्ता_सातारा

चालण्याच्या दिशेला आडव्या. बाबांचं चांगल्या वेळचं एक पाऊल मोजलं, दीड फूट भरलं, तेवढ्यावर. पिवळी इन्सुलेशन टेप. लाल फरशीवर लांबूनही दिसते. कडा नीट दाबा, नाहीतर बोटं अडकतात.